मॉरिशस की मालदीव: सेवाक्षेत्र कोणाचं मोठं?

हिंदी महासागरातल्या या दोन बेटदेशांचे २०२३ चे ढोबळ आकडे घेऊ. मॉरिशसचा जीडीपी साधारण १४.४ अब्ज डॉलर, मालदीवचा ६.६ अब्जांच्या आसपास. जागतिक बँकेच्या तक्त्यात मॉरिशसच्या जीडीपीतला सेवांचा वाटा पासष्ट टक्क्यांच्या जवळपास दिसतो, मालदीवचा सत्तरीत. हिशोबापुरते ६५ आणि ७२ धरले, तर मॉरिशसचं सेवा-उत्पादन ९.४ अब्ज डॉलर येतं आणि मालदीवचं ४.८ अब्ज. म्हणजे मॉरिशस जवळजवळ दुप्पट.

आता लोकसंख्येने भागू. मॉरिशसमध्ये सुमारे १२.६ लाख माणसं, मालदीवमध्ये ५.२ लाखांच्या आसपास. दरडोई सेवा-उत्पादन मॉरिशसचं ७,४०० डॉलर, मालदीवचं ९,२०० डॉलर. मालदीव पुढे. मग स्थानिक भावपातळीचा विचार करणारी क्रयशक्तीची फूटपट्टी लावली की मॉरिशस पुन्हा वर जातो, कारण तिथे एका डॉलरमध्ये मालदीवपेक्षा बरंच जास्त येतं.

आकडे तेच, क्रम दोनदा बदलला. त्यामुळे ‘कोणाचं मोठं’ याआधी आपण काय मोजतो आहोत, कशाने भागतो आहोत आणि कोणत्या किमतीत मांडतो आहोत, हे ठरवावं लागतं. यातल्या बहुतेक चुका अर्थशास्त्राच्या नसतात, दोन वेगळ्या व्याख्यांचे रकाने शेजारी-शेजारी ठेवल्याच्या असतात.

एका रात्रीच्या बिलातून किती ‘उत्पादन’ निघतं

सेवेचं उत्पादन म्हणजे उलाढाल नव्हे. गिऱ्हाइकाने दिलेल्या पैशांतून बाहेरून विकत घेतलेला माल आणि सेवा वजा केल्यावर उरतं ते मूल्यवर्धन. राष्ट्रीय हिशोबात याला जीव्हीए म्हणतात आणि तुलना करायची ती याची.

मालदीवमधल्या एका रिसॉर्टचं कल्पित बिल घेऊ. दोन माणसं, एक रात्र, सेवा शुल्क धरून आणि कर वगळून १,००० डॉलर. खाणंपिणं १५० डॉलर, जवळजवळ सगळं आयात केलेलं. जनरेटरचं डिझेल आणि समुद्राचं पाणी गोडं करायचा खर्च ९०, कारण प्रत्येक रिसॉर्ट-बेटाला आपली वीज आणि पाणी आपणच करावं लागतं. परदेशी ट्रॅव्हल एजंटचं कमिशन १२०. हॉटेलला नाव आणि व्यवस्थापन देणाऱ्या ब्रँडची फी ८०. विमा, दुरुस्ती, धुलाई वगैरे ६०. एकूण ५०० वजा झाले, ५०० उरले. देशाच्या सेवाक्षेत्रात नोंद होते ती या ५०० ची. त्यातून पगार जातात आणि बाकी घसारा, व्याज, बेटाचं भाडं आणि नफा यांत वाटलं जातं.

इथे एक बारकावा आहे आणि तो हमखास चुकतो. रिसॉर्ट सरकारला बेटाचं जे भाडं देतं, ते वजा करायचं नसतं. जमिनीचं भाडं हे मालमत्तेवरचं उत्पन्न मानलं जातं आणि ते मूल्यवर्धनातूनच दिलं जातं. इमारतीचं भाडं मात्र सेवा विकत घेतल्यासारखं धरतात आणि वजा करतात. मालदीवमध्ये बेट भाडेपट्ट्याने घेऊन त्यावर स्वतः बांधकाम करायची पद्धत असल्याने हा फरक किरकोळ राहत नाही. ताळेबंदावरून मूल्यवर्धन काढणाऱ्याने दोन्ही भाडी एकाच खात्यात टाकली, की रिसॉर्टचं उत्पादन विनाकारण खाली येतं.

आता कर. मालदीवमध्ये पर्यटन सेवांवरचा जीएसटी जुलै २०२५ पासून १७ टक्के आहे आणि रिसॉर्टमधला हरित कर जानेवारी २०२५ पासून माणशी, रात्री १२ डॉलर. आपल्या बिलावर हे १७० आणि २४ डॉलर झाले. हे १९४ डॉलर जीव्हीएत येत नाहीत, पण बाजारभावाच्या जीडीपीत येतात. म्हणजे याच रात्रीने जीव्हीएत ५०० ची भर घातली आणि जीडीपीत ६९४ ची.

यातूनच पहिला मोठा घोळ होतो. स्टॅटिस्टिक्स मॉरिशस ही तिथली सांख्यिकी संस्था सेवाक्षेत्राचा वाटा जीव्हीएच्या टक्क्यांत देते आणि तो तीन चतुर्थांशाच्या वर जातो. जागतिक बँकेच्या तक्त्यातला पासष्टच्या आसपासचा वाटा जीडीपीच्या टक्क्यांत असतो आणि जीडीपीत उत्पादनांवरचे कर मिसळलेले असतात. सेवा तेवढ्याच, छेद मोठा झाला. मॉरिशसचा आकडा एका ठिकाणाहून आणि मालदीवचा दुसऱ्या ठिकाणाहून उचलला, तर दहा टक्क्यांचा फरक नुसता व्याख्येतून येतो आणि त्यावर लोक परिच्छेदच्या परिच्छेद लिहितात.

पैसा देशाबाहेर जातो, ही तक्रार दोन्ही देशांबद्दल ऐकू येते. पण तो कोणत्या पायरीवर जातो, ते पाहायला हवं. ब्रँडची फी आणि एजंटचं कमिशन जीडीपी मोजण्याआधीच वजा होतात. परदेशी मालकाचा नफा जीडीपीत असतो आणि राष्ट्रीय उत्पन्नातून वजा होतो. बांगलादेशी कामगाराने घरी पाठवलेले पैसे तिसऱ्याच पायरीवर जातात. तो वर्षभर किंवा जास्त राहत असेल, तर निवासी ठरतो, त्याचा पगार राष्ट्रीय उत्पन्नातही धरला जातो आणि घरी पाठवलेली रक्कम पुढे हस्तांतरण म्हणून दाखवली जाते. मालदीवच्या २०२२ च्या जनगणनेत सुमारे ५.१५ लाख रहिवासी मोजले गेले आणि त्यांतले जवळपास चतुर्थांश परदेशी होते. दरडोई आकडा काढताना फक्त मालदीवी नागरिकांनी भागलं, तर तो ९,२०० वरून १२,००० च्या पुढे उडी मारतो. हे चूक आहे, कारण उत्पादनात त्या परदेशी हातांचा वाटा आहे. छेदात निवासी लोकसंख्याच हवी.

मॉरिशसच्या हॉटेलचं बिल वेगळं उलगडतं. कोंबडी, बरीचशी भाजी, साखर, बिअर देशातच होतं. त्यामुळे पर्यटकाच्या ताटातला काही पैसा तिथल्या शेती आणि कारखानदारीच्या रकान्यात जातो. सेवांच्या रकान्यात तो दिसत नाही. केवळ सेवांचा वाटा बघणाऱ्याला मॉरिशस इथे थोडा कमी दिसतो, प्रत्यक्षात पर्यटकाचा डॉलर तिथे जास्त हातांतून फिरतो.

मॉरिशसचा वित्तव्यवसाय: अब्जावधी येतात, उत्पादन किती?

मॉरिशस साखरेवरून कापडावर आला, १९७० पासून निर्यात क्षेत्रात कारखाने उभे राहिले, मग पर्यटन आणि १९९२ च्या कायद्यानंतर परदेशी कंपन्यांची नोंदणी करून देणारा वित्तव्यवसाय वाढला. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला झालेल्या भारत-मॉरिशस करारामुळे मॉरिशसमार्गे आलेल्या गुंतवणुकीच्या भांडवली नफ्यावर भारतात कर लागत नसे. दलाल स्ट्रीटवर वर्षानुवर्षं जो पैसा मॉरिशसचा म्हणून नोंदला गेला, त्याचं मूळ हे. २०१६ मध्ये करारात दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०१७ पासून घेतलेल्या समभागांना ती सवलत राहिली नाही.

या पैशाचा आकडा मॉरिशसच्या जीडीपीच्या कितीतरी पट असतो, पण तो मॉरिशसचं उत्पादन नाही. एखाद्या फंडाने मॉरिशसची राजधानी पोर्ट लुईमधून मुंबईत १० कोटी डॉलर पाठवले, तर सेवा-उत्पादन म्हणून मोजली जाते ती त्या व्यवहारावर तिथल्या व्यवस्थापन कंपनीने, वकिलाने, लेखापरीक्षकाने आणि बँकेने घेतलेली फी. ते १० कोटी नुसते खात्यांतून पुढे सरकतात. तरीही वित्त आणि विमा मिळून मॉरिशसच्या जीव्हीएच्या सुमारे १३ टक्के होतात, हॉटेल-रेस्टॉरंटपेक्षा जास्त. मॉरिशस म्हणजे समुद्रकिनारे, हे चित्र हिशोबाला धरून नाही.

बँकेचं उत्पादन मोजायची रीत थोडी आडवळणाची आहे. बँक ठेवीवर कमी व्याज देते, कर्जावर जास्त घेते. दोन्हींचा फरक ही तिची न मागितलेली फी मानून ती उत्पादनात धरतात. त्यामुळे २०२२-२३ मध्ये जगभर व्याजदर चढले, तेव्हा परकी चलनातल्या ठेवी बाळगणाऱ्या बँकांचं उत्पादन चालू किमतींत, म्हणजे त्या-त्या वर्षीच्या भावांत, फुगू शकतं. खिडकीवर ग्राहक तेवढेच असले तरी. म्हणून वित्तसेवांसाठी स्थिर किमतींचा, म्हणजे एका आधार वर्षाच्या भावांत मांडलेला, रकाना बघितल्याशिवाय ‘वाढ’ हा शब्द वापरू नये.

नोंदणीपुरत्या असलेल्या या कंपन्या राष्ट्रीय उत्पन्नाचाही आकडा हलवतात. म्हणून मॉरिशस त्यांना धरून आणि वगळून, असे दोन आकडे देतो. हा काही कागदी वाद नाही. जुलै २०२० मध्ये जागतिक बँकेने मॉरिशसला उच्च उत्पन्न गटात टाकलं तेव्हा उंबरठा होता दरडोई १२,५३५ डॉलर आणि मॉरिशसचा २०१९ चा आकडा १२,७४०. फरक दोनशे डॉलरचा. पुढच्याच वर्षी करोनाच्या फटक्याने तो खालच्या गटात परतला.

मालदीवच्या रकान्यात काय दडलंय

मालदीवमध्ये पहिलं रिसॉर्ट १९७२ मध्ये सुरू झालं. एक बेट, एक रिसॉर्ट हे धोरण तेव्हापासूनचं. लोकवस्तीच्या बेटांवर गेस्टहाउसना मोकळीक मिळाली ती २००९-१० च्या सुमारास.

पर्यटनातून आलेलं परकी चलन मालदीवच्या जीडीपीच्या निम्म्याहून जास्त भरतं. त्यावरून ‘अर्धी अर्थव्यवस्था पर्यटनाची’ असं सर्रास लिहिलं जातं. पण सेवांची निर्यात ही उलाढाल आहे, वरच्या बिलातले पूर्ण १,००० डॉलर. जीव्हीएत त्यातले ५०० आले. पर्यटनाचा थेट वाटा चतुर्थांशाच्या आसपास निघतो तो त्यामुळे. निर्यातीचा आकडा आणि जीडीपी यांचा भागाकार हा वाटा नव्हेच, ते फक्त एक गुणोत्तर आहे.

उरलेल्या सेवा कुठे आहेत? एक, वाहतुकीत. सीप्लेन आणि स्पीडबोट पर्यटकांनाच नेतात, पण वर्गीकरणात त्या वाहतुकीत पडतात. आंतरराष्ट्रीय वर्गवारीत ‘पर्यटन’ नावाचा उद्योगच नाही. मुक्काम आणि भोजन, वाहतूक, ट्रॅव्हल एजन्सी असे तुकडे असतात. मालदीवची सांख्यिकी संस्था पर्यटन वेगळं दाखवते, मॉरिशस ‘मुक्काम आणि भोजन’ दाखवतो, ज्यात पोर्ट लुईतल्या कचेरीवाल्यांना जेवण देणारी खानावळही आली. दोन्हींची थेट तुलना करू नये.

दुसरी गोष्ट घरं. स्वतःच्या घरात राहणारा माणूस स्वतःलाच भाडं देतो असं मानून ते भाडं सेवा-उत्पादनात धरतात. राजधानी माले हे जगातल्या सर्वांत दाट शहरांपैकी एक, तिथली भाडी चढी. त्या भावाने हे मानीव भाडं लावलं, की स्थावर मालमत्तेचा रकाना जाड होतो आणि कोणाच्याही खिशात नवा रुफिया (मालदीवचं चलन) आलेला नसतो.

तिसरी सरकारी सेवा. शाळा आणि दवाखाना काही विकत नाहीत, म्हणून त्यांचं उत्पादन खर्चाएवढं मानतात. देशाची बेटं ११९२, वस्ती त्यांतल्या साधारण २०० बेटांवर. काहीशे वस्तीच्या बेटालाही शाळा, आरोग्य केंद्र, परिषद कार्यालय लागतं. मॉरिशसमध्ये बहुतेक सगळे एकाच मोठ्या बेटावर राहतात, तिथे तेवढ्याच मुलांना कमी इमारतींत शिकवता येतं. परिणाम उलटा दिसतो: विखुरलेपणामुळे ज्याचा खर्च जास्त, त्याचं ‘उत्पादन’ जास्त. दरडोई सेवा-उत्पादनात मालदीव पुढे दिसतो त्यातला काही भाग हा आहे आणि त्याला सुबत्ता म्हणता येत नाही.

डोकी मोजायची की रात्री

२०२३ मध्ये मालदीवला १८.७९ लाख पर्यटक आले, मॉरिशसला १२.९५ लाख. मालदीव ४५ टक्क्यांनी पुढे. मात्र मालदीवमधला सरासरी मुक्काम साडेसात-आठ रात्रींचा आणि मॉरिशसमधला दहाच्या वर. गुणाकार केला की दोन्हीकडे दीड कोटीच्या जवळपास रात्री येतात. मॉरिशसच्या रात्रींत नातेवाइकांकडे उतरलेलेही आहेत, शेजारचं रियुनियन बेट आणि फ्रान्स इथून येणाऱ्यांत असे बरेच असतात. तिथे खोलीभाडं शून्य.

मालदीवमध्ये २०२२ ते २०२३ या काळात पर्यटक १२ टक्क्यांनी वाढले, अर्थव्यवस्था मात्र चार-पाच टक्क्यांनीच. मुक्काम आखूड झाला आणि नव्या पाहुण्यांत गेस्टहाउसमध्ये उतरणारे वाढले. रिसॉर्टमधली रात्र आणि गेस्टहाउसमधली रात्र यांच्या दरात कित्येक पट फरक असतो. स्थिर किमतींचा हिशोब करताना दोन्ही रात्री एकसारख्या मोजल्या तर वाढ फुगते. म्हणून रात्रींचे आकडे प्रकारवार वेगळे घेऊन, आधार वर्षातल्या दरांचं वजन लावून मगच बेरीज करायची.

चलन आणि वर्ष

मॉरिशसला २०१९ मध्ये पर्यटनातून सुमारे ६३ अब्ज मॉरिशियन रुपये मिळाले, २०२३ मध्ये सुमारे ८६ अब्ज. वाढ ३६ टक्के. या काळात डॉलर साधारण साडेपस्तीस रुपयांवरून ४५ वर गेला. डॉलरमध्ये मांडलं तर १.७८ अब्जांवरून १.९१ अब्ज, म्हणजे सात-आठ टक्के. त्यातूनही जगातली महागाई वजा केली तर वाढ उरतच नाही. देशाचा एकूण जीडीपीही डॉलरमध्ये या चार वर्षांत जवळपास जागच्या जागी दिसतो, स्थिर किमतींत मात्र २०१९ ची पातळी नुकतीच ओलांडलेली.

मालदीवचा रुफिया एप्रिल २०११ पासून डॉलरशी ठरावीक कमाल-किमान दरांच्या पट्ट्यात बांधलेला आहे आणि पट्ट्याच्या वरच्या टोकाला, १ डॉलरला १५.४२ वर चिकटून आहे. बाजारात डॉलरची चणचण असली की बाहेरचा भाव त्याहून चढा असतो. याचा परिणाम सगळ्या सेवांवर सारखा होत नाही. रिसॉर्टची कमाई मुळात डॉलरमध्येच असल्याने ती जशी आहे तशीच राहते. शिक्षकाचा पगार, दुकान, घरभाडं रुफियात असतं आणि अधिकृत दराने बदललं की डॉलरमध्ये थोडं मोठं दिसतं. त्यामुळे बाहेरच्या दराने सगळा जीडीपी बदलायचा, हा उपाय रोगापेक्षा वाईट.

वर्षाची निवड तर सर्वांत धोक्याची. २०२० मध्ये मालदीवची अर्थव्यवस्था सुमारे एक तृतीयांशाने आकसली, मॉरिशसची १४-१५ टक्क्यांनी. एकाचा सगळा भार पर्यटनावर, दुसऱ्याकडे बँका, कारखाने, संगणकसेवा होत्या, हे सरळ आहे. पण २०२१ मध्ये चित्र फिरलं. मालदीवने १५ जुलै २०२० लाच दारं उघडली होती. एका बेटावर एकच रिसॉर्ट असल्याने पाहुणे आपोआप वेगळे राहत. मॉरिशस पूर्ण उघडला १ ऑक्टोबर २०२१ ला. त्या वर्षी मालदीवला १३ लाखांवर पर्यटक, मॉरिशसला १.८ लाख. मालदीवची त्या वर्षीची वाढ चाळीस टक्क्यांच्या घरात होती आणि तरी ती २०१९ च्या खालीच राहिली: १०० चे ६७ झाले, त्यावर ४० टक्के म्हणजे ९४. २०२० पायाभूत धरून काढलेला कोणताही वाढीचा दर म्हणूनच बाजूला ठेवावा.

धक्का एकाच बाजारपेठेतूनही येतो. २०२३ मध्ये मालदीवला सर्वाधिक पर्यटक भारतातून आले, दोन लाखांहून थोडे जास्त. जानेवारी २०२४ मधल्या भारत-मालदीव वादानंतर त्या वर्षी ही संख्या १.३ लाखांच्या आसपास आली. एकूण पर्यटक मात्र २० लाखांच्या पुढे गेले, कारण चीन आणि युरोपने जागा भरून काढली.

तक्ता मांडायचा असेल तर

दोन्ही देशांचं उद्योगवार जीव्हीए घ्या, चालू आणि स्थिर किमतींत. जीडीपीच्या टक्क्यांतला वाटा घेऊ नका. सेवा म्हणजे उद्योगांच्या यादीत व्यापारापासून खाली सगळं, बांधकाम आणि वीज-पाणी वगळून. दोघांचीही तीच यादी आहे का, ते ओळ-ओळ तपासा. संयुक्त राष्ट्रांचा तयार तक्ता सोयीचा आहे, पण त्यात व्यापार आणि हॉटेल एकाच ओळीत बांधलेले असतात, त्यामुळे पर्यटनाच्या प्रश्नाला तो निरुपयोगी.

मग स्थावर मालमत्ता आणि सरकारी सेवा वेगळ्या काढा. उरतं ते बाजारात विकल्या जाणाऱ्या सेवांचं उत्पादन आणि या दोन देशांत खरी तुलना तिथे होते. २०१९ पाया, २०२३ शेवट, मधली तीन वर्षं दाखवा पण त्यांवर निष्कर्ष काढू नका. डॉलर, स्थानिक चलन आणि क्रयशक्ती असे तीन रकाने. क्रयशक्तीचा गुणक संपूर्ण जीडीपीसाठी काढलेला असतो, तो नुसत्या हॉटेलांना किंवा बँकांना लावू नये. पर्यटकाला आणि फंडवाल्याला स्थानिक भाव लागूच होत नाहीत.

फाइल कोणत्या तारखेला उतरवली, ते वर लिहून ठेवा. मॉरिशस साधारण दर पाच वर्षांनी आर्थिक घटकांची गणना करून हिशोब नव्याने बांधतो, मालदीवही आधार वर्ष बदलतो. प्रत्येक वेळी मागची वर्षंही हलतात. २०२० च्या घसरणीचे दोन-तीन वेगळे आकडे फिरताना दिसतात ते यामुळेच. एका देशाची जुनी मालिका आणि दुसऱ्याची नवी घेतली, तर वरची सगळी काळजी घेऊनही तक्ता चुकतो.